संत अंद्रियाचें भग्न महामंदिर आणि त्याचीं छायाचित्रें

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त सभागृहांत दिलेलें व्याख्यान. व्याख्यानाच्या वेळीं पडद्यावर जीं चित्रें दाखविलीं, त्यांचा उल्लेख मजकुरांत तसाच ठेविला आहे.)



महोत्सवाच्या प्रसंगीं आपल्या उभ्या असलेल्या मंदिराची थोरवी गावयाची सोडून आम्ही एका पडलेल्या मंदिराची हकीकत सांगावयास उभे राहिलों आहों, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. परंतु महोत्सव समितीचा आग्रह असा पडला कीं, आम्हीं स्कॉटलंडांतून आणिलेलीं छायाचित्रें पेटींत पडून राहूं नयेत. आम्ही इतिहासाचे अध्यापक नव्हों, आणि छायाचित्रकार तर मुळींच नव्हों. तथापि वसईच्या कोटांतील भग्न देवळांच्या सावलींत ज्यांचें बालपण गेलें, त्यांस पडक्या भिंतीकडे पाहून दोन प्रश्न सुचल्यावांचून राहत नाहींत: ही कोणीं बांधिली, आणि ही पडली कशी? हेच दोन प्रश्न बरोबर घेऊन आम्ही सेंट अँड्रूज येथें गेलों होतों.

सेंट अँड्रूज हें स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ प्रांतांत, उत्तर समुद्राच्या कांठीं वसलेलें एक लहानसें गांव होय. आज त्याचें नांव जगभर निघतें तें गॉल्फ नामक खेळामुळें. पण ज्या प्रेषिताच्या नांवानें तें ओळखलें जातें तो गॉल्फ खेळत नसे, मासे धरीत असे. गांवांतील मोठे रस्ते पूर्वेकडे जातां जातां एकमेकांच्या जवळ येतात, आणि जेथें ते जवळ येतात तेथें महामंदिराचें आवार लागतें. यात्रेकरूंनीं मंदिराकडे यावें म्हणूनच रस्ते तसे आंखलेले आहेत. आज त्या रस्त्यांनीं चालत गेलेला मनुष्य शेवटीं आकाशासमोर जाऊन उभा राहतो.

पडद्यावर जें पहिलें चित्र आहे तें पूर्वेकडील भिंतीचें. दोन बाजूंस दोन निमुळते मनोरे, त्यांच्यामध्यें खालीं गोल कमानींच्या तीन खिडक्या आणि वर एक मोठी खिडकी, व खिडक्यांच्या पलीकडे मोकळें आभाळ. या भिंतीच्या अलीकडे मुख्य वेदी होती. तेथें आतां हिरवळ आहे. दुसरें चित्र पश्चिम दरवाज्याचें, तेंही अर्धेंच. या दोन चित्रांमधील अंतर सुमारें ११९ मीटर, म्हणजे ३९० फूट, इतकें होतें. स्कॉटलंडांत याहून मोठें मंदिर कधीं बांधलें गेलेंच नाहीं.

आतां हें एवढें मोठें मंदिर या आडबाजूच्या गांवीं कां, तें पाहूं. आख्यायिका अशी कीं, ग्रीस देशांतील पात्रास या नगरीं, जेथें संत अंद्रियास क्रुसावर मरण आलें, तेथें चौथ्या शतकांत रेगुलुस नांवाच्या एका साधूस दृष्टांत झाला. प्रेषिताच्या अस्थींपैकीं उजव्या हाताचीं तीन बोटें, दंडाचें एक हाड, गुडघ्याची वाटी आणि एक दांत एवढें घेऊन तो पश्चिमेकडे निघाला, व त्याचें गलबत या किनाऱ्यावर येऊन फुटलें. विद्वानांस ही कथा मान्य नाहीं. हे पवित्र अवशेष आठव्या शतकांत इंग्लंडांतील हेक्सम येथील बिशप आका यांच्याकडून इकडे आले असावेत, असा त्यांचा तर्क आहे. कथा कोणतीही धरली तरी त्यापुढील गोष्ट निश्चित आहे: या अस्थींच्या दर्शनास शेंकडों वर्षें यात्रेकरू लोटत असत, आणि समुद्रावरचा हा मासेमार, ज्याच्या नांवें आपल्या वांद्र्याच्या किनाऱ्यावरही मंदिर आहे, तो सबंध स्कॉटलंडचा आश्रयदाता संत ठरला. त्या देशाच्या निशाणावरचा तिरका क्रूस त्याचाच.

आवारांत महामंदिराहून जुना असा एक चौकोनी मनोरा उभा आहे. त्यास संत रेगुलुसाचा मनोरा म्हणतात. उंची ३३ मीटर. हा बाराव्या शतकाच्या आरंभींचा असून त्याला जोडलेलें लहान मंदिर यात्रेकरूंस पुरेना, म्हणून मोठें बांधावयाचें ठरलें. ११४४ सालीं बिशप रॉबर्ट यांनीं येथें अगस्तिनी व्रतस्थांचा मठ स्थापिला होता, आणि ११६० च्या सुमारास बिशप आर्नल्ड यांनीं महामंदिराच्या कामास आरंभ केला. काम दीडशें वर्षें चाललें. आपल्या मंदिराच्या घंटाघरास चार वर्षें लागलीं म्हणून अद्यापि जे कुरकुर करितात, त्यांनीं हा आंकडा लिहून घ्यावा. इतका काळ लोटला ही गोष्ट दगडांतही दिसते. दक्षिणेकडील भिंतीचें हें चित्र पाहा. पूर्वेकडच्या खिडक्यांच्या कमानी गोल आहेत, पश्चिमेकडच्या टोंकदार. एकाच भिंतीवर काम करितां करितां गवंड्यांच्या पिढ्या बदलल्या, आणि त्यांच्याबरोबर बांधणीची पद्धतही बदलली.

मध्यंतरीं, १२७० च्या दशकांत, वादळानें पश्चिमेकडील बाजू पाडली; ती बिशप विल्यम विशर्ट यांनीं पुन्हां बांधविली, पण मंदिराची लांबी थोडी कमी करून. शेवटीं ५ जुलै १३१८ रोजीं बिशप लॅम्बर्टन यांच्या हस्तें अभिषेक झाला. राजा रॉबर्ट ब्रूस समक्ष हजर होता. बॅनकबर्नच्या रणांत इंग्रजांवर विजय मिळवून त्यास चार वर्षें झालीं होतीं. तो घोड्यावर बसूनच मंदिरांत शिरला असें गांवचे लोक सांगतात. आमचा यावर विश्वास बसत नाहीं, आणि बसावा अशी आमची इच्छाही नाहीं.

त्यानंतर १३७८ मध्यें आग लागली, १४०९ मध्यें वादळानें दक्षिण बाहूची भिंत कोसळली. दोन्ही वेळां पुन्हां बांधलें. ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. वादळानें पाडलें तें लोकांनीं उभारलें, आगीनें खाल्लें तें लोकांनीं उभारलें. मग १५५९ मध्यें जें गेलें तें पुन्हां कां उभें राहिलें नाहीं?

येथें आम्हांस थोडें सावकाश बोललें पाहिजे, कारण या प्रसंगाची जी हकीकत आपल्या लोकांत सांगितली जाते ती अर्धीच असते. प्रॉटेस्टंटांचा जमाव आला आणि एका दिवसांत त्यानें मंदिर जमीनदोस्त केलें, असें आम्हीं स्वतः कितीदां तरी ऐकिलें आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. ११ जून १५५९ पासून जॉन नॉक्स यानें गांवच्या पवित्र त्रैक्य मंदिरांत प्रवचनें केलीं. विषय घेतला तो प्रभु येशूनें यरुशलेमच्या मंदिरांतून व्यापाऱ्यांस हांकून दिल्याचा. त्या प्रवचनांनंतर महामंदिरांतील वेद्या व मूर्ति काढून टाकण्यांत आल्या, आणि दोमिनिकन व फ्रान्सिस्कन मठांचीही तीच गत झाली. संत अंद्रियाच्या त्या अस्थि त्यानंतर कोणाच्या दृष्टीस पडल्या नाहींत. ही हानि भयंकर होती, यांत शंका नाहीं. पण त्या दिवसांत भिंती पडल्या नाहींत. भिंती आणि छप्पर उभेंच होतें.

आणखी एक गोष्ट. नॉक्सबरोबर त्या दिवसांत लॉर्ड जेम्स स्टुअर्ट नांवाचा एक तरुण सरदार होता. हा कोण? तर याच महामंदिराच्या मठाचा प्रमुख! राजा पांचवा जेम्स याचा हा अनौरस पुत्र; १५३८ सालीं, वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास, मठाचें प्रमुखपद व उत्पन्न त्याच्या नांवें करून देण्यांत आलें होतें. राजास आपल्या मुलांची तरतूद करावयाची होती आणि धर्माधिकाऱ्यांनीं ती चालू दिली. ज्याला प्रार्थनेकरितां नव्हे तर उत्पन्नाकरितां मठाधिपति केलें, त्यानें त्या मठाचें रक्षण करावें अशी अपेक्षा धरणें व्यर्थ होय. त्याच गांवीं १५२८ मध्यें पॅट्रिक हॅमिल्टन, १५४६ मध्यें जॉर्ज विशर्ट, आणि १५५८ मध्यें वॉल्टर मिल हा वृद्ध मनुष्य, असे तिघे प्रॉटेस्टंट मतासाठीं जाळले गेले. विशर्टच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आंत कार्डिनल डेव्हिड बीटन यांचा त्यांच्याच किल्ल्यांत खून झाला. या कार्डिनलांचें खासगी आचरणही त्यांच्या पदास शोभणारें नव्हतें. हें सर्व आम्ही या व्यासपीठावरून कां सांगतों, असें कोणी विचारील. आमचें उत्तर एवढेंच कीं, जें आम्ही आपल्या लोकांस सांगणार नाहीं तें दुसरे सांगतील, आणि अर्धेंच सांगतील.

ऑगस्ट १५६० मध्यें स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें पोपमहाशयांचा अधिकार नाकारला व मिस्सा बेकायदा ठरविली. महामंदिर ओस पडलें. गांवचें त्रैक्य मंदिर मात्र पडलें नाहीं. कारण त्यांत दर रविवारीं माणसें येत होतीं, आणि जेथें माणसें बसतात तेथें गळकें छप्पर कोणीतरी दुरुस्त करितो. महामंदिराचें छप्पर दुरुस्त करणारा कोणी उरला नव्हता. एल्गिन व अॅबर्डीन येथील महामंदिरांच्या छपरांवरचें शिसें तर सरकारी हुकुमानेंच उतरविण्यांत आलें. पाणी भिंतींत मुरलें, चुना सुटला, मधला मनोरा कोसळला. मग पडलेले घडीव दगड गांवकऱ्यांनीं गाड्या भरभरून नेले. गांवांतील कित्येक जुन्या घरांच्या भिंतींत ते आजही आहेत. म्हणजे ज्यांच्या पणज्यांनीं दगड वाहून आणिले त्यांच्याच पणतूंनीं ते परत वाहून नेले! असे सुमारें अडीचशें वर्षें चालल्यावर १८२६ सालीं सरकारच्या खजिना खात्यानें अवशेषांचा ताबा घेतला, आणि दगडांची ही वाहतूक थांबली.

ताबा घेतल्यास पुरीं वीस वर्षें झालीं नाहींत तोंच या अवशेषांसमोर कॅमेरा येऊन उभा राहिला. ही हकीकत आम्हांस इतिहासाहूनही अधिक गोड वाटते. इंग्लंडांतील टॅल्बट नामक विद्वानानें कागदावर प्रकाशाच्या साह्यानें छबी उतरविण्याची युक्ति शोधिली होती; तिला कॅलोटाइप म्हणत. १८४१ सालीं त्यानें तिचा एकाधिकार नोंदविला, पण तो इंग्लंडापुरता. स्कॉटलंडांत नोंदविला नाहीं. त्यामुळें स्कॉटलंडांत ही विद्या कोणासही फुकट करून पाहतां येई. टॅल्बटचा स्नेही सर डेव्हिड ब्रूस्टर हा त्या वेळीं सेंट अँड्रूजच्या विद्यापीठांतील एका कॉलेजाचा प्रमुख होता. त्याच्या द्वारें ही युक्ति गांवचे डॉक्टर जॉन अॅडम्सन यांच्या हातीं आली, आणि त्यांनीं आपला धाकटा भाऊ रॉबर्ट यास ती शिकविली. अशा रीतीनें उत्तर समुद्राच्या कांठचें हें गांव छायाचित्रकलेचें एक माहेरघर बनलें.

कॅलोटाइप कसा करीत, तें थोडक्यांत सांगतों. चांगल्या लिहिण्याच्या कागदास चांदीचे क्षार लावून, तो ओला असतांनाच कॅमेऱ्यांत घालीत. उजेड भरपूर असला तरी मिनिट दोन मिनिटें, कधीं अधिकही, थांबावें लागे. मग गॅलिक अम्लानें धुतलें म्हणजे कागदावर उलटी छबी उमटे: आकाश काळें, सावली पांढरी. हा कागद मेण लावून पारदर्शक करीत, आणि मिठाच्या पाण्यांत भिजवून चांदीचा क्षार लाविलेल्या दुसऱ्या कागदावर ठेवून उन्हांत धरीत. मग सुलटी छबी निघे, तांबूस तपकिरी रंगाची. कागदाच्या तंतूंमुळें कडा किंचित् मऊ दिसतात. जें हलेल तें पुसट होई. वाटेनें चालत गेलेला मनुष्य चित्रांत मुळीं उमटतच नसे. दगड मात्र हलत नाहींत. या विद्येला भग्न मंदिराहून सोशीक गिऱ्हाईक मिळालें नसतें.

रॉबर्ट अॅडम्सन १८४३ सालीं एडिंबरोस गेला आणि डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराशीं त्यानें भागी केली. हिल यास त्या वर्षीं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमधून फुटून निघालेल्या शेंकडों पाळकांचें एक प्रचंड चित्र रंगवावयाचें होतें, आणि त्यांचे चेहरे टिपून घेण्यासाठीं कॅमेरा हवा होता. पण ते दोघे अॅडम्सनच्या गांवींही आले आणि महामंदिराचे अवशेष, मनोरा, बंदर, कोळी व कोळिणी यांचीं चित्रें त्यांनीं घेतलीं. १८४६ सालीं सेंट अँड्रूजच्या कॅलोटाइपांचा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. येथें क्षणभर विचार करा. मिस्सा बंद पडून जवळ जवळ तीन शतकें झालीं होतीं. स्कॉटलंडांत आपल्या धर्मप्रांतांची पुनःस्थापना व्हावयास अजून तीस वर्षांवर अवकाश होता, कारण ती पोप तेरावे लिओ यांनीं १८७८ मध्यें केली. आणि नॉक्सची शिकवण मानणाऱ्या समाजांतील दोन पुरुष कॅथलिकांच्या पडक्या मंदिरासमोर श्वास रोखून उभे होते. रॉबर्ट अॅडम्सन जानेवारी १८४८ मध्यें अवघ्या २६ व्या वर्षीं वारला. ज्या भिंतींचीं चित्रें त्यानें घेतलीं, त्यांच्याच आवारांत तो पुरलेला आहे.

आमच्या चित्रांविषयीं आतां दोन शब्द. आमच्या तरुण मंडळांतील मुलांनीं तांत्रिक प्रश्न पुष्कळ विचारले, म्हणून सांगतों. मंदिर पूर्वपश्चिम असल्यामुळें पूर्वेकडील भिंतीची आंतली बाजू दुपारनंतर उजळते. सकाळीं ती काळी दिसते व मागचें आकाश पांढरें फटफटीत येतें. दक्षिणेकडील भिंतीची आंतली बाजू उत्तरेस तोंड करून असल्यानें ती बहुतेक वर्षभर सावलींतच असते. परंतु तो प्रदेश इतका उत्तरेकडे आहे कीं, जून महिन्यांत सूर्य वायव्येस मावळतो, आणि मावळण्यापूर्वीं तासभर त्या भिंतीवर तिरपें, पिवळें ऊन पडतें. त्या उन्हांत गवंड्याच्या टांकीचे घाव दिसतात. आम्ही तेथें जूनमध्यें होतों, म्हणून तें चित्र मिळालें. आवाराचें दार त्या वेळीं बंद झालें होतें. तटाबाहेरून, गजांमधून, जेवढें दिसलें तेवढेंच तें आहे. दुसरें असें कीं, उंच भिंतीकडे कॅमेरा वर करून धरिला तर ती मागें कललेली दिसते, आणि पाहणारास वाटतें कीं, उरलेलीही पडावयास आली. तेव्हां मागें सरावें, कॅमेरा सरळ ठेवावा, व पुढची हिरवळ अधिक आली तरी येऊं द्यावी. भिंतीशेजारीं एखादा मनुष्य उभा करावा. त्यावांचून उंचीचा अदमास येत नाहीं. आमच्या चित्रांत जो लाल टोपीचा मुलगा दिसतो तो याच कामीं आला.

सर्वांत उपयुक्त चित्र मात्र मनोऱ्यावरून घेतलेलें आहे. खालीं उभें राहिलें असतां नुसते खांबांचे बुंधे व कबरींचे दगड दिसतात. वर गेल्यावर त्या बुंध्यांच्या रांगा जुळतात, आणि हिरवळीवर एक प्रचंड क्रूस आंखलेला दिसूं लागतो. हें चित्र पाहून कॅटेकिझमच्या वर्गांतील एका मुलीनें आम्हांस विचारिलें, "फादर, देवाला वरून असेंच दिसत असेल का?" आम्हीं होय म्हटलें.

ज्यांस पुढची हकीकत हवी असेल त्यांच्यासाठीं सांगतों कीं, धर्मप्रांताचें नांव आजही सेंट अँड्रूज व एडिंबरो असेंच आहे. आर्चबिशपांचें आसन एडिंबरो येथील संत मरियेच्या महामंदिरांत आहे. १८७९ सालीं इटलींतील आमाल्फी येथील आर्चबिशपांनीं संत अंद्रियाच्या अस्थीचा एक अंश तेथें पाठविला, आणि १९६९ सालीं पोप सहावे पॉल यांनीं दुसरा एक अंश कार्डिनल गॉर्डन ग्रे यांच्या हातीं दिला. १९८२ सालीं पोप दुसरे जॉन पॉल स्कॉटलंडांत आले, तेव्हां राष्ट्रीय चर्चच्या प्रमुखांनीं एडिंबरो येथें त्यांचें स्वागत केलें तें जॉन नॉक्सच्या पुतळ्याखालीं. तें छायाचित्र आमच्याजवळ नाहीं. असतें तर आज शेवटीं तेंच लाविलें असतें.

आतां कामाची गोष्ट. आपल्या जुन्या मंदिराचा दर्शनी भाग पुढील मंडप घालतांना काढला गेला, हें वडीलधाऱ्यांस आठवतच असेल. त्याचें एकही चित्र धर्मग्रामाच्या दप्तरांत नाहीं. पण त्या पायऱ्यांवर आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरचीं लग्नें उभीं राहिलीं, आणि नवरानवरीच्या मागें तो दरवाजा, ती कमान, तीं दोन लहान गवाक्षें कोठें ना कोठें असतीलच. तीं छायाचित्रें पेट्यांतून काढून सणाच्या रविवारपर्यंत कचेरींत आणून द्यावीं. नक्कल करून मूळ चित्र परत मिळेल. मागील बाजूस साल व माणसांचीं नांवें पेन्सिलीनें लिहावीं, शाईनें लिहूं नयेत. शाई पुढच्या बाजूस उतरते. नवरानवरी ओळखूं आलीं नाहींत तरी चालेल, आम्हांस दरवाजा पाहिजे आहे.